नेमाचें हत्यार

माहूरच्या डोंगरांत जिचें ठाणें आहे त्या रेणुकेची एक कथा महाभारताच्या अनुशासनपर्वांत आली आहे. ज्येष्ठ महिन्यांतील भर दुपार. जमदग्नि ऋषि धनुष्य घेऊन करमणुकीखातर बाण सोडीत आहेत, आणि सुटलेला प्रत्येक बाण वेंचून आणून देण्याचें काम रेणुकेकडे आहे. ऊन चढलें, पायांखालची जमीन तापली, तिला झाडाच्या सावलींत क्षणभर थांबावें लागलें आणि बाण परत यावयास उशीर झाला. ऋषि रागावले, उशिराचें कारण कळल्यावर त्यांचा राग पत्नीवरून सूर्याकडे वळला आणि त्यांनीं सूर्यावरच बाण रोखला. शेवटीं सूर्य शरण आला व त्यानें छत्री आणि पादत्राणें दिलीं. छत्री व जोडे यांच्या दानाचें माहात्म्य सांगणें हा कथेचा मूळ हेतु. पण तींत दुसरीहि एक गोष्ट सहजगत्या नोंदली गेली आहे. जमदग्नींच्या समोर शत्रु नव्हता, शिकारहि नव्हती. केवळ नेम साधण्याच्या आनंदासाठीं ते बाण सोडीत होते, आणि त्या आनंदाचा खर्च दुसरें कोणी तरी उन्हांत धांवून सोशीत होतें.

शस्त्र मारण्यासाठीं हातीं घेणें आणि शस्त्र केवळ नेमासाठीं हातीं घेणें या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा इतिहास बखरींत आणि पोवाड्यांत भरपूर सांपडतो. दुसरीचा मात्र मराठी मुलखांत फारच तुटक आहे, आणि तो तुटक कां राहिला हें पाहूं गेल्यास कारण हाताचें किंवा डोळ्याचें निघत नाहीं. तें हत्यार कोणाला मिळूं शकत होतें, यांत तें आहे.

माहूरपुरतेंच पाहावें. पैनगंगेच्या खोऱ्यांत, सागाच्या रानानें वेढलेलीं तीन शिखरें – रेणुकेचें, दत्तात्रेयाचें आणि अनसूयेचें. खालीं मातृतीर्थ, आणि समोर जुना किल्ला. याच माहूरच्या देशमुखी घराण्यांतील सावित्रीबाई मोगल दरबारच्या ‘रायबागन’ या किताबानें इतिहासांत ओळखली जाते. फेब्रुवारी १६६१ मध्यें कारतलबखानाची फौज कोंकणांत उतरत असतां उंबरखिंडींत अडकली, तेव्हां ही बाई त्या फौजेंत होती, आणि शिवाजी महाराजांस शरण जाण्याचा शहाणपणाचा सल्ला खानास तिनेंच दिला. त्या दिवशीं दोन्ही बाजूंस बंदुका होत्या. पण त्या तोड्याच्या. दारू ठासावयाची, गोळी बसवावयाची, जळता तोडा कानाशीं न्यावयाचा, आणि मग गोळी जाईल तिकडे जाईल. नळी आंतून गुळगुळीत असल्यामुळें गोळीस फिरकी मिळत नसे व ती सरळ जाण्याची शाश्वति नसे. अशा बंदुकीचा उपयोग दाटीवर मारा करण्यास. एका ठिपक्यावर पुनः पुनः नेम धरावा यासाठीं ती घडलेलीच नव्हती.

‘पिस्तूल’ आणि ‘काडतूस’ हे दोन्ही शब्द मराठींत पोर्तुगीज भाषेंतून आले, हें येथें सांगण्यासारखें आहे. गोव्याच्या वाटेनें शब्द आले, वस्तूहि आल्या. मात्र त्या वस्तु घडविण्याची विद्या पुढें युरोपांत ज्या दिशेनें गेली ती दिशा आपल्याकडे कोणास दिसली नाहीं.

ती दिशा द्वंद्वयुद्धांतून निघाली. अब्रूच्या प्रश्नावरून एकमेकांवर पिस्तुलें रोखणाऱ्या युरोपीय गृहस्थांस सराव हवा असे, आणि सरावासाठीं पॅरिससारख्या शहरांत नेमाचे खास दिवाणखाने निघाले होते. १८४५ मध्यें फ्लोबेर नांवाच्या फ्रेंच कारागिरानें एक इवलेंसें काडतूस बनविलें. त्यांत दारू जवळजवळ नव्हतीच, टोपीच्या ठिणगीवरच बारीक गोळी सुटे. घरांत, जेवणानंतर, पाहुण्यांसमवेत नेम मारतां येऊं लागला. या खेळण्याच्याच वंशांत १८८७ मध्यें अमेरिकेंत ‘पॉइंट टू-टू लाँग रायफल’ हें काडतूस जन्मलें. तें आजहि जगभर नेमबाज वापरतात. त्याच्या गोळीची जाडी ५.६ मिलिमीटर. द्वंद्वयुद्धें बंद पडलीं, पण त्यांच्या सरावाचा खेळ टिकून राहिला. १८९६ मध्यें अथेन्स येथें आधुनिक ऑलिंपिक सामने पहिल्यानें भरले तेव्हां नेमबाजीच्या पांच स्पर्धांपैकीं तीन पिस्तुलाच्या होत्या. स्वित्झर्लंडांतील हेमर्ली, जर्मनींतील वाल्थर यांसारखे कारखाने घड्याळजीच्या काटेकोरपणानें हीं हत्यारें घडवूं लागले.

याच काळांत हिंदुस्थानची स्थिति काय होती? १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें परवान्यावांचून शस्त्र बाळगणें गुन्हा ठरविलें, आणि या नियमांतून युरोपियनांस सूट दिली. परिणामीं मराठी सुशिक्षित घरांत ‘पिस्तूल’ हा शब्द दबक्या आवाजांत उच्चारला जाऊं लागला. २२ जून १८९७ रोजीं पुण्यास चाफेकर बंधूंनीं रँडवर गोळी झाडली. १९०९ मध्यें विनायकराव सावरकरांनीं लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुलें पाठविलीं, आणि त्यांपैकीं एक २१ डिसेंबर रोजीं नाशकाच्या विजयानंद नाटकगृहांत अनंत कान्हेरे यांच्या हातांत होतें. विरोधाभास असा कीं, लंडन शहरांत दहा शिलिंगांचा परवाना टपालकचेरींत काढून पिस्तूल विकत घेतां येत असे, आणि टॉटेनहॅम कोर्ट रस्त्यावरील नेमाच्या जागीं पैसे देऊन कोणासहि सराव करतां येत असे. मदनलाल धिंग्रा यांनीं तेथेंच सराव केला होता. राज्यकर्त्यांच्या राजधानींत जें रंजन होतें तें पुण्यानाशकास राजद्रोहाचें चिन्ह होतें. मग या वस्तूकडे निव्वळ खेळाचें साधन म्हणून पाहण्याची संवय लागावी कोठून? १९३१ च्या कराची काँग्रेसनें मूलभूत हक्कांच्या ठरावांत नियमांच्या मर्यादेंत शस्त्र बाळगण्याचा नागरिकांचा हक्क मुद्दाम घातला, तो या जुन्या सलाची आठवण ठेवूनच.

माहूर तर ब्रिटिश हद्दींतहि नव्हतें. निजामाच्या राज्यांत आदिलाबाद जिल्ह्याच्या टोंकाला पडलेल्या या गांवच्या माणसास बंदूक दिसली ती शिकारीस आलेल्या बड्यांच्या खांद्यावर, नाहीं तर शिपायाच्या. सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत आलें. त्याआधींच्या वर्षांत रझाकारांच्या हातांतील हत्यारें मराठवाड्यानें पाहिलीं होतीं, आणि तीं विसरण्याजोगीं नव्हतीं. १९५६ मध्यें किनवट तालुक्याबरोबर माहूर नांदेड जिल्ह्यांत आलें.

स्वतंत्र भारतांत नेमबाजीस संस्थेचें रूप ज्यांनीं दिलें ते गृहस्थ सैनिक नव्हते, संस्थानिकहि नव्हते, हें पाहून कित्येकांस नवल वाटेल. १९५१ मध्यें राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, तिचे संस्थापक गणेश वासुदेव मावळंकर. रत्नागिरी जिल्ह्यांतील मावळंगें हें त्यांच्या घराण्याचें मूळ गांव, कर्मभूमि अहमदाबाद, पेशा वकिलीचा, गांधीजींचे अनुयायी, स्वातंत्र्यलढ्यांत तुरुंग भोगलेले, आणि पुढें १९५२ मध्यें लोकसभेचे पहिले सभापति. अहिंसेच्या वातावरणांत वाढलेल्या या वकिलास नेमबाजींत शिस्त दिसली, हिंसा दिसली नाहीं. त्यांच्या नांवाची अखिल भारतीय स्पर्धा नेमबाजांच्या पिढ्यांना राष्ट्रीय स्पर्धेच्या दारापर्यंत घेऊन गेली आहे.

संघटना झाली, तरी हत्यार कोठें होतें? पहिलीं कांहीं दशकें ज्यांच्या घरीं शस्त्रागार होतें त्यांचाच हा खेळ राहिला. बिकानेरचे महाराज कर्णीसिंह १९६० पासून १९८० पर्यंतच्या बहुतेक ऑलिंपिक सामन्यांत उतरले, १९६२ च्या जागतिक स्पर्धेंत त्यांनीं रौप्यपदक मिळविलें. त्यांच्या कर्तृत्वास बोल लावण्याचें कारण नाहीं, पण त्यांच्यासारखी सोय कारकुनाच्या मुलास नव्हती. त्या मुलाच्या, आणि विशेषतः मुलीच्या, हातांत पहिली बंदूक आली ती राष्ट्रीय छात्रसेनेमुळें. छात्रसेनेचा कायदा १९४८ चा, आणि मुलींचा विभाग १९४९ चा. शाळेच्या पटांगणावर वाळूच्या पोत्यांमागें पालथें पडून पॉइंट टू-टू रायफलीचे चार-पांच बार काढावयास मिळत, एवढेंच. महाराष्ट्रांतील नेमबाज स्त्रियांची जी परंपरा पुढें उभी राहिली, तिचा उगम बहुतांशीं त्या चार-पांच बारांत आहे. अंजली भागवत मुंबईच्या कॉलेजांत असतां छात्रसेनेंतूनच या खेळाकडे वळल्या.

रायफल दोन हातांनीं, खांद्याच्या आधारानें धरतां येते. पिस्तुलाचें तसें नाहीं. नेमाचें पिस्तूल एका हातांत, खांद्यापासून सरळ लांबविलेल्या बाहूच्या टोंकाशीं, कशाच्याहि आधारावांचून धरावें लागतें. म्हणून त्याची घडणहि निराळी. प्रथमच पाहणाऱ्यास तर तें पिस्तूल वाटतच नाहीं. अक्रोडाच्या लांकडाची त्याची मूठ तळहाताच्या प्रत्येक उंचवट्याशीं जुळेल अशी कोरलेली असते. खालीं हाताची कड टेंकण्यास एक लहानशी पाळ असते, ती वरखालीं सरकवितां येते. कारखान्यांतून मूठ लहान, मध्यम, मोठी अशा मापांत येते, पण विकत घेतल्यावर नेमबाज कानस घेऊन बसतो, कोठें घांसतो, कोठें लांकडाचा लगदा भरतो, आणि महिनामहिना हें चालतें. एकाची मूठ दुसऱ्याच्या हातांत बसत नाहीं. उजव्या हाताची डाव्याला तर मुळींच नाहीं. हंगेरीचे कारोली टाकाच यांचा उजवा हात १९३८ मध्यें हातबाँबनें निकामी झाला, तेव्हां त्यांना सर्व विद्या डाव्या हातास प्रारंभापासून शिकवावी लागली. त्या डाव्या हातानें त्यांनीं १९४८ आणि १९५२ अशीं दोन ऑलिंपिक सुवर्णपदकें घेतलीं.

हवेच्या पिस्तुलांत दारूच नसते. नळीखालच्या सिलिंडरांत दाबून भरलेली हवा ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा दहा मीटरवर ढकलते. नियमानें पिस्तुलाचें वजन दीड किलोपेक्षां अधिक असूं नये आणि चाप निदान ५०० ग्रॅमच्या दाबाखेरीज सुटूं नये. लक्ष्याच्या कागदावर दहा गुणांचें वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचें, म्हणजे शर्टाच्या बटनाएवढें. पिस्तुलाच्या पुढच्या टोंकावर एक उभा कणा असतो, ज्यास बंदूकवाले माशी म्हणतात. मागें एक खांच असते. दोहोंमधील अंतर एक फुटाच्या आसपास. त्यांच्या जुळणींत एका मिलिमीटराची चूक झाली कीं दहा मीटरवर छर्रा सुमारें तीस मिलिमीटर सरकतो आणि दहाचे सात होतात. म्हणून शिकविणारा पहिला धडा देतो तो विचित्र वाटतो: लक्ष्याकडे पाहूं नका. दृष्टि माशीवर ठेवा, लक्ष्य धूसर दिसूं द्या. हात हलणारच, जगांत असा हात नाहीं जो हलत नाहीं. हलणारा हात तसाच हलूं द्यावा आणि त्या हालचालींत चाप इतक्या सावकाश मागें घ्यावा कीं बार कधीं सुटला हें आपणांसच किंचित् उशिरां कळावें. ‘आतां दहा आले’ असें पाहून जो झटकन चाप ओढतो, त्याचे दहा हमखास निसटतात.

हा सराव पुष्कळसा छर्र्याविनाच होतो. भिंतीवर कोरा कागद लावून, रिकाम्या पिस्तुलाचा चाप तासन् तास ओढावयाचा. उत्तम पिस्तुलांत यासाठीं वेगळी सोय असते. यास पैसा लागत नाहीं, परवाना लागत नाहीं, केवळ चिकाटी लागते. आणि गरिबांच्या मुलांस हा खेळ साधला असेल तर तो या मुक्या बारांच्या बळावर.

कारण खरे बार महाग असतात. जागतिक दर्जाचीं हवेचीं पिस्तुलें जर्मनींतील वाल्थर व फाइनवेर्कबाउ, ऑस्ट्रियांतील श्टायर, स्वित्झर्लंडांतील मोरिनी अशा मोजक्या कारखान्यांतून येतात आणि भारतांत त्यांची किंमत दोन लाख रुपयांच्या घरांत जाते. त्यांच्यासोबत पेटींत एक लहानसा कागद असतो. कारखान्यांत यंत्रांत आंवळून झाडलेले छर्रे त्यावर एकाच भोकांतून गेलेले दिसतात. पिस्तूल चुकत नाहीं, चुकेल तो हात, अशी ती लेखी समजच म्हणावी. जुनें पिस्तूल घेणारा शहाणा मनुष्य आधीं सिलिंडरावरील तारीख पाहतो, कारण सामान्यतः दहा वर्षांनीं त्याची मुदत संपते. परवान्याच्या दृष्टीनें मात्र हें हत्यार सुखाचें आहे: २०१६ च्या नियमांप्रमाणें ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंतच्या शक्तीच्या हवाई हत्यारास शस्त्रपरवाना लागत नाहीं. दहा मीटर म्हणजे तेहतीस फूट. एवढी जागा शाळेच्या व्हरांड्यांतहि निघते.

खरी अडचण पंचवीस मीटरच्या काडतुशी पिस्तुलाची. १९५९ च्या शस्त्रकायद्यानें परवाना आवश्यक; आणि गेल्या शतकाच्या नवव्या दशकापासून सामान्य नागरिकास परदेशी पिस्तुलाची आयात बंद. सूट आहे ती मान्यताप्राप्त नेमबाजास, आणि मान्यता मिळते ती ठराविक गुण मिळविल्यावर. म्हणजे उत्तम पिस्तुलावांचून गुण नाहींत, आणि गुणांवांचून उत्तम पिस्तूल नाहीं. कायदा करणाऱ्यांचा हेतु दुष्ट नव्हता. शस्त्रांचा सुळसुळाट कोणासच नको आहे. पण या फेऱ्यांत किती चांगले हात वायां गेले असतील, हा विचार मनास टोंचतो. बाहेर पडण्याची वाट एकच: संस्थेचें, संघटनेचें किंवा सरकारचें पिस्तूल उसनें घेऊन, दुसऱ्याच्या मुठींत आपला हात बसवून, ते गुण मिळवावयाचे.

ही वाट चालून दाखविली ती माहूरप्रमाणेंच साडेतीन पीठांत गणल्या जाणाऱ्या कोल्हापुरानें. तेथील उषाराजे हायस्कुलाच्या विद्यार्थिनी तेजस्विनी सावंत यांनीं २००६ मध्यें मेलबर्न येथें राष्ट्रकुलाच्या सामन्यांत रायफलींत सुवर्णपदक मिळविलें, आणि त्याच शाळेच्या, छात्रसेनेंत बंदूक हाताळलेल्या राही सरनोबत यांस या खेळाची ओढ लागली. १९९० चा त्यांचा जन्म. त्यांनीं रायफल न घेतां पिस्तूल घेतलें. कोल्हापुरास पंचवीस मीटरची सोय नव्हती. सरावासाठीं पुण्यास बालेवाडी गांठावी लागे. माहूरच्या मुलीस हेंच अंतर पांचशें किलोमीटरहून अधिक पडतें, हें जातां जातां नोंदून ठेवावें. २००८ मध्यें पुण्याच्या युवक राष्ट्रकुल सामन्यांत राहींनीं सुवर्ण मिळविलें. २०१० मध्यें दिल्लीस महाराष्ट्राच्याच अनिसा सय्यद यांच्या जोडीनें सुवर्ण, आणि वैयक्तिक स्पर्धेंत अनिसा पहिल्या, राही दुसऱ्या. २०१३ मध्यें कोरियांत चांगवन येथें विश्वचषकाचें सुवर्ण मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय पिस्तूलबाज ठरल्या. मग कोपराची दुखापत आली. जो बाहू लांबवून पिस्तूल तोलावयाचें तोच दुखावला, आणि दोन-तीन वर्षें हातचीं गेलीं. पुढें मंगोलियाच्या व नंतर जर्मनीच्या वतीनें ऑलिंपिक पदकें मिळविलेल्या मुंखबायर दोर्जसुरेन यांच्या मार्गदर्शनाखालीं त्यांनीं पुनः मांडणी केली.

२२ ऑगस्ट २०१८ रोजीं आशियाई सामन्यांत पालेंबांग येथें पंचवीस मीटरची अंतिम फेरी होती. या फेरींत हात खालीं तिरपा ठेवून उभें राहावयाचें. लक्ष्य तीन सेकंद उघडतें. तेवढ्यांत हात उचलून, माशी जुळवून, चाप सावकाशच ओढावयाचा. मग सात सेकंद विश्रांति, आणि पुनः तीन सेकंद. दहा पूर्णांक दोन दशांशाच्या आंत गोळी लागली तरच एक गुण, नाहीं तर शून्य. पांच-पांच बारांच्या दहा फेऱ्या संपल्या तेव्हां राही आणि थायलंडच्या नफस्वान यांगपायबून या दोघींचे चौतीस-चौतीस गुण झाले होते. बरोबरी सोडविण्यासाठीं आणखी पांच बार: दोघींचे चार-चार. पुनः पांच: राहींचे तीन, नफस्वान यांचे दोन. आशियाई सामन्यांत नेमबाजीचें सुवर्णपदक आजवर कोणा भारतीय स्त्रीस मिळालें नव्हतें. तें त्या एका गुणानें मिळालें. त्या फेरींत प्रत्येकीनें साठ काडतुसें झाडलीं होतीं, आणि साठांचीं रिकामीं पितळी टरफलें तिच्या पायांशीं पडलीं होतीं.